खेळाच्या कळा आणि घरातले हात

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळ आपल्या घरीही कोणीतरी खेळत असेलच. पण ज्याला मुले कधी जॉयस्टिक तर कधी नुसते रिमोट म्हणतात, ते हातातील साधन आपण कधी निरखून पाहिले आहे काय?

१९७७ साली अमेरिकेत निघालेल्या अटारीच्या यंत्राबरोबर एक उभा दांडा व एकच तांबडे बटण मिळे. दांडा कलवावा तिकडे पडद्यावरील आकृती जाई. समजावून सांगण्यासारखे त्यात काही नव्हतेच. पुढे निन्टेन्डो या जपानी कंपनीतील गुनपेई योकोई यांच्यापुढे प्रश्न पडला, की घडी घालून खिशात ठेवावयाच्या खेळात हा दांडा मावणार कसा? १९८२ साली त्यांनी अधिक-चिन्हाच्या आकाराची चपटी कळ बसविली. पुढच्याच वर्षी फॅमिकॉम यंत्रात ती आली आणि मुठीचे काम अंगठ्यांकडे गेले. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे आलेले कित्येक स्वस्त ‘टीव्ही गेम’ याच फॅमिकॉमच्या नकला होत.

मग कळा वाढतच गेल्या. १९९० च्या सुपर फॅमिकॉमने तर्जनींनाही कामास लावले. १९९७ च्या सोनीच्या ड्युअलशॉकमध्ये अंगठ्यांसाठी दोन छोटे दांडे आले, शिवाय हातांना जाणवणारी थरथर. खेळ समृद्ध झाला, यात शंका नाही.

पण बंगळूरच्या जे. पी. नगरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरात पाहा. नातवाची बोटे न पाहता चालतात. आजी मात्र ‘कोणते दाबू?’ असे विचारीपर्यंत तिचा डाव संपलेला असतो. दोष तिच्या बुद्धीचा नव्हे. दोन्ही हातांची बोटे चपळ असणारच, असे त्या साधनाने गृहीत धरलेले असते. ज्या मुलाचा एक हात चालत नाही, त्याला तर खेळाचे दारच बंद.

२००६ च्या वी यंत्रात कांडी रॅकेटसारखी फिरविली की चेंडू टोलविला जाई. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक्सबॉक्ससाठी काढलेले साधन मला त्याहून मोलाचे वाटते. त्यावर दोन मोठी बटणे असून मागे १९ छिद्रे आहेत. तेथे पायाने, कोपराने वा हनुवटीने दाबावयाची बटणे जोडता येतात. ती निराळी विकत घ्यावी लागतात, आणि सामान्य कुटुंबास तो खर्च लहान नव्हे.

मात्र एक्सबॉक्सवर दोन साधी साधने मिळून एकच खेळाडू चालविण्याचीही सोय आहे. दांडा आजीने सांभाळावा, बटणे नातवाने.