गिंडीचे वन आणि शाळेचा वर्ग

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, राज्यपालांच्या निवासस्थानाला लागून, गिंडीचे राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. ‘पसरलेले’ हा शब्द येथे थोडा मोठाच होतो, कारण त्याचे क्षेत्रफळ अवघे २७० हेक्टर आहे. १९१० साली ते राखीव वन झाले, तेव्हा ५०५ हेक्टर होते. पुढे त्यातून तंत्रविज्ञान संस्थेस जागा गेली, स्मारके उभी राहिली, १९५९ मध्ये बालोद्यान झाले, आणि जे वन उरले त्यास १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बालोद्यान सर्वांस खुले असते. आतील वनात मात्र वनविभागाच्या परवानगीवाचून प्रवेश नाही. शाळेचा गट न्यावयाचा तर शिक्षकांनी ही परवानगी आधीच मिळवावी लागते.

एवढ्याशा वनात विद्यार्थ्याने काय पाहावयाचे? वाघ येथे नाही, बिबळ्याही नाही. पाहावयाचे ते पान.

या वनप्रकारास शास्त्रज्ञ ‘शुष्क सदाहरित वन’ म्हणतात. शब्दात विसंगती आहे असे वाटते. पण ती निसर्गातच आहे, भाषेचा तीत दोष नाही. महाराष्ट्रात पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि उन्हाळ्यात आपला साग निष्पर्ण होतो. कोरोमंडल किनाऱ्यावर वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. तरीही येथील अनेक झुडपे हिरवीच राहतात. त्यांची पाने बहुधा लहान, जाड आणि मेणचट असल्यामुळे पाण्याचा व्यय मंद होतो. साग पाने टाकून पाणी वाचवितो. ही झुडपे पाने राखून वाचवितात. एकाच अडचणीची ही दोन निरनिराळी उत्तरे होत. विद्यार्थ्याने सागाचे एक वाळलेले पान सोबत नेले, तर दोन्ही उत्तरे त्याच्या हातात येतात.

आणखी एक प्रयोग. गिंडीतील कित्येक झुडपे लिंबाच्या कुळातील आहेत. राष्ट्रीय उद्यानात पान तोडण्यास बंदी असल्याने खाली पडलेले ताजे पान, तेही मार्गदर्शकाची अनुमती असेल तरच, उचलावे आणि उजेडासमोर धरावे. त्यात सूक्ष्म ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी होत. पान बोटांनी चुरडले की सुगंध येतो, आणि घरच्या लिंबाच्या पानाशी त्याचे नाते नाकालाच कळते. वनस्पतींच्या कुळांची पाठ केलेली यादी महिन्याभरात विसरते. हा वास मात्र पुष्कळ दिवस राहतो, असे मला वाटते.

अशा अध्ययनाची कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालविली. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. गिंडीत याच्या उलट घडते : मुले मोकळी असतात, पण विषय वर्गात आणता येत नाही.

यांतील सर्वांत कठीण विषय काळविटाचा आहे. काळवीट मोकळ्या मैदानाचा प्राणी. दूरवर पाहणे आणि वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण. त्यामुळे दाट झुडपांत तो राहू इच्छीत नाही. नर आपले क्षेत्र ठरवितो आणि ठराविक जागी लेंड्यांचे ढीग करतो; ते ढीग शोधले की न दिसणारी सीमा दिसू लागते. चितळास मात्र झुडपांचा आडोसा मानवतो. गिंडीत ‘पोलो मैदान’ नावाचे गवताळ क्षेत्र आहे. तेथे झुडपे वाढू दिली तर मैदान आटते व काळविटास जागा उरत नाही. झुडपे काढली तर जे शुष्क सदाहरित वन आपण जपावयास आलो, त्याचाच विस्तार रोखावा लागतो. भोवती भिंत असल्याने यांपैकी कोणासही दुसरीकडे जाता येत नाही.

हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर उघडपणे ठेवावा. दोन गट करावेत. एकाने गवताची बाजू मांडावी, दुसऱ्याने झुडपांची, आणि प्रत्येक विधानाला आपण त्या दिवशी पाहिलेली खूण आधारास द्यावी. शिक्षकाने उत्तर सांगू नये. तज्ज्ञांनाही हा तोल वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

गिंडीस जाणे शक्य नसलेल्या शाळांनी गावची देवराई किंवा ओढ्याकाठचा झाडोरा निवडावा. दोरीने एक चौरस मीटर जागा आखावी, तीतील रोपे मोजावी, आणि जूनमध्ये केलेली मोजणी डिसेंबरमध्ये त्याच जागी, त्याच वहीत पुन्हा नोंदवावी.