प्रभातचे संतपट नेमके कोणाचे?

पारनेर तालुक्यातले पिंपळनेर हे संत निळोबारायांचे गाव. तुकोबांना गुरू मानणाऱ्या निळोबांची समाधी इथेच आहे आणि आषाढीला त्यांची पालखी इथूनच पंढरीची वाट धरते. अशा मुलखातही तुकोबा म्हटले की जुन्याजाणत्यांच्या डोळ्यांपुढे येतात ते विष्णुपंत पागनीस. ते रूप पडद्यावर आणणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीविषयी मात्र काही चुकीच्या समजुती घट्ट रुजल्या आहेत.

प्रभात म्हणजे व्ही. शांताराम, तेव्हा संतपटही त्यांचेच, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिलेली ही कंपनी पाच भागीदारांची होती : शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. एकनाथांवरचा ‘धर्मात्मा’ (१९३५) शांतारामांचा. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले होते. अस्पृश्यतेवर बोट ठेवणाऱ्या या चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरने ते बदलायला लावले. पुढे ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) दिग्दर्शित केले दामले-फत्तेलाल जोडीने, तर ‘संत सखू’ला (१९४१) त्यांच्यासोबत राजा नेने होते. दामले ध्वनिमुद्रणातले जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक. त्याच काळात शांताराम ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ करत होते. एकाच छताखाली दोन वेगळ्या वाटा चालू दिल्या, हा प्रभातच्या धुरिणांचा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणावा लागेल.

संतपट म्हणजे चमत्कारांची रास, हीही एक समजूत. ‘संत तुकाराम’मध्ये चमत्कार आहेतच. पण आजारी पोराला ओढत देवळात नेणारी, हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारणारी तुकोबांची बायको जिजाई आठवा! अभिनेत्री गौरीने उभी केलेली ही बाई घरच्या चुलीची काळजी वाहते, म्हणून तुकोबाही माणूस वाटतात. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला.

त्यातले बीज, अंकुर आणि रोपाचे गाणे आजही पुष्कळजण तुकोबांचा अभंग समजतात. ते लिहिले शांताराम आठवले यांनी.

‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानोबा झालेले शाहू मोडक तर नगरचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल मुसलमान. अशी माणसे एका भक्तिपटावर विश्वासाने एकत्र आली, याचा नगर जिल्ह्याने अभिमान बाळगावा.

शांताराम गेले आणि प्रभात संपली, असेही सांगितले जाते. ते १९४२ मध्ये बाहेर पडले हे खरे, पण त्यानंतर ‘रामशास्त्री’ (१९४४) याच कंपनीतून आला. १९४५ मध्ये दामले वारले. ‘संत जनाबाई’ १९४९ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा जुन्या जोडीतला एकजण उरला नव्हता आणि शांतारामांचे स्वतःचे ‘राजकमल’ उभे होते. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. तिच्या पुण्यातल्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.