पेटीला गळा देणारे गोविंदराव टेंबे

लोणावळ्याचा पावसाळा ही लाकडाची परीक्षाच असते. दारें फुगतात, कपाटांचे खण अडतात आणि घरांत पियानो असेल तर त्याचे स्वर आषाढांतच ढळूं लागतात. वर्षाकाठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गांवीं, दोनशेंहून अधिक तारा ताणून बसविलेलें तें वाद्य सुरांत राखणें सोपें नव्हे. यंदा आमच्या नातीनें नेमका पियानोचाच हट्ट धरला. सौभाग्यवतींचें म्हणणें पडलें कीं, त्यापेक्षां पेटी बरी. आमच्या धाकट्या बंधूंनीं तर दोन्ही वाद्यें त्याज्य ठरविलीं. "पट्ट्यांवर श्रुति कोठें असतात, दादा?" असा त्यांनीं मलाच प्रश्न टाकला. मीं उत्तरादाखल एकच नांव घेतलें : गोविंदराव टेंबे.

पाश्चात्त्य देशांत पियानोवादक एकटा सभेपुढें बसतो व केवळ दहा बोटांच्या बळावर श्रोत्यांस जिंकतो. पट्ट्यांच्या वाद्यास तसला स्वतंत्र मान महाराष्ट्रांत ज्यांनीं मिळवून दिला, त्यांत गोविंदरावांची गणना प्रथम करावी लागेल. त्यांचा जन्म १८८१ चा. वाढले कोल्हापुरांत. पेटीवर त्यांचा हात बसला तो बव्हंशीं स्वतःच्याच खटपटीनें. पुढें भास्करबुवा बखले यांचा सहवास लाभला व विद्येस वळण मिळालें. अल्लादियाखांसाहेबांची तालीम त्यांस प्रत्यक्ष मिळाली नाहीं, तरी गुरुस्थानीं त्यांनीं खांसाहेबांसच मानलें. वाद्य पॅरिसचें आणि ध्यास जयपूर घराण्याच्या गायकीचा, असा हा योग होता.

वाद्य पॅरिसचें हें अक्षरशः खरें आहे. देबॅं नांवाच्या कारागिरानें १८४२ मध्यें हार्मोनियमचें पेटंट तेथेंच घेतलें. पियानोंत हातोडी तारेवर आपटते व नाद उमटतांक्षणींच विरूं लागतो. पेटींत पितळी जिभळीवरून वारा वाहतो. भाता चालेल तोंवर स्वर टिकतो आणि भात्याच्या दाबासरशी चढतो-उतरतो. आमच्या गाण्यास स्वराचा ठेहराव हवा, तो पेटींत सांपडला. शिवाय पितळेची जिभळी पावसाला तारेइतकी भीत नाहीं. मावळांतल्या हरिनाम-सप्ताहांत पखवाजाशेजारीं पेटी दिसते, पियानो दिसत नाहीं, तें उगीच नव्हे.

आतां बंधूंच्या आक्षेपाकडे वळूं, कारण तो पोकळ नाहीं. भरतमुनींनीं सप्तकांत बावीस श्रुति सांगितल्या. पेटींत पट्ट्या बाराच. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येणारा स्वयंभू गांधार षड्जापासून सुमारें ३८६ वर पडतो. पियानोप्रमाणें समान अंतरांनीं लावलेल्या पेटींत तो ४०० वर असतो. चौदा भागांचा हा फरक सामान्य कानास जाणवत नसेल, पण तंबोऱ्याशीं सरावलेल्या कानास बोंचतो. मींड तर पट्टीवर निघतच नाहीं. कुशल वादक कणस्वर व भात्याचा दाब यांच्या साहाय्यानें तिचा आभास तेवढा करतो. मी शास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळें अनेक वर्षें बंधूंच्याच पक्षाचा होतों.

हाच आक्षेप पुढें सरकारी हुकूम झाला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटी वर्ज्य केली. गोविंदराव तेव्हां अठ्ठावन्न वर्षांचे होते व आदल्याच वर्षीं त्यांचा 'माझा संगीत व्यासंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. ज्या वाद्यावर आयुष्य वेंचलें, त्यासच सरकारनें दार लावावें, हा प्रसंग कलावंतास किती जड! तें दार सुमारें तीन दशकें बंद राहिलें. १९५५ मध्यें गोविंदराव निवर्तले. तें उघडलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

पण माझें मत फिरलें तें त्यांच्या चालींमुळें. १९११ च्या 'मानापमाना'चें संगीत त्यांचें. त्या नाटकांतील पदें आमच्या आजीस मुखोद्गत होतीं, आणि ती कांहीं गवयाची कन्या नव्हे! बैठकींतला राग स्वयंपाकघरांत जाऊन बसला, एवढें सामर्थ्य त्या चालींत होतें. पुढें गंधर्व नाटक मंडळींत ते भागीदार झाले, तेथून निघून त्यांनीं शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत संगीत त्यांचें आणि हरिश्चंद्रही तेच. ज्याच्या बोटांखालीं बाराच स्वर, त्याचा कान बारांतच कोंडला गेला असता, तर असल्या चाली सुचल्या असत्या काय?

बंधूंस हें सर्व पटलें असें नाहीं. ते म्हणाले, "टेंब्यांचा कान आधीं तयार होता, दादा, पोरीचा अजून व्हावयाचा आहे." यावर मला उत्तर सुचेना. अखेर दसऱ्यास पेटी आणली. पण रोज अर्धा घटका तंबोऱ्यावर षड्ज लावल्यावांचून तिचें झांकण उघडावयाचें नाहीं, अशी अट बंधूंनीं घातली. तंबोरा तेच जुळवून देतात. नातीचा पियानोचा हट्ट मात्र अद्याप कायम आहे.