उल्हासच्या पाण्यात माशांचा वाटा

मे महिन्यात कल्याणजवळच्या मोहन्याच्या बंधाऱ्यामागे जे पाणी साचलेलं दिसतं, त्यातलं कितीतरी पाणी उल्हास नदीचं नसतंच. ते सह्याद्रीच्या पलीकडे, मावळात पडलेल्या पावसाचं असतं. आंध्रा नदीचं हे पाणी एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं वळत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी ते ठोकळवाडीच्या धरणात अडवलं आणि डोंगरापलीकडे पश्चिमेला वळवलं. 1922 पासून भिवपुरीच्या वीजगृहात त्यावर वीज तयार होते. जनित्रं फिरवून झाली की हे पाणी कर्जतच्या बाजूने उल्हासमध्ये उतरतं. नदीला दुसरा आधार बारवी धरणाचा. मुरबाड-बदलापूरच्या डोंगरांतलं हे धरण एमआयडीसीचं. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि आता त्यात सुमारे 339 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. बारवीतून सोडलेलं पाणीही आधी नदीतूनच खाली येतं.

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या उल्हासला दिवाळीनंतर स्वतःचं असं फार पाणी उरत नाही. कोकणातल्या बहुतेक नद्यांची हीच गत आहे. चार महिने दुथडी भरून वाहायचं आणि उन्हाळ्यात डोहांपुरतं उरायचं. उल्हास बारमाही दिसते ती या दोन धरणांमुळे.

हे पाणी मोजून सोडलं जातं आणि मोजूनच उचललं जातं. बदलापूरच्या बॅरेजवर जीवन प्राधिकरण, जांभूळला एमआयडीसी, शहाडला स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि मोहन्याजवळ मोहिलीच्या उदंचन केंद्रात कल्याण-डोंबिवली महापालिका. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर अशा शहरांच्या नळांचं पाणी या एका नदीपात्रातून येतं. पावसाळा संपला की जलसंपदा विभाग धरणांतल्या साठ्याचा हिशेब मांडतो. आहे ते पाणी 15 जुलैपर्यंत पुरवायचं, असा त्यामागचा दंडक. साठा कमी भरला तर पाणीकपात लागू होते आणि कोणत्या वारी नळ बंद राहणार ते वर्तमानपत्रात छापून येतं. हिशेबाच्या या तक्त्यात प्रत्येक पालिका आहे, कारखाने आहेत, बाष्पीभवनाची तूटही धरलेली असते. नदीच्या नावावर मात्र त्यात काही नाही. वरून येईल ते पाणी शेवटच्या पंपाने उचलून झाल्यावर बंधाऱ्याखाली काय उरतं, याची विचारणा कोणी करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब अपुरा आहे. पाणी उचलणाऱ्यांच्या यादीत नदीचं नाव घातलं पाहिजे, आणि तेही आकडा आणि तारखा लिहून.

मोहन्याचा बंधारा हवाच, याबद्दल मला शंका नाही. त्याच्यामागे पाणी साचून पातळी टिकते, म्हणून पंपांना पाणी मिळतं. खाली थोड्याच अंतरावर कल्याणची खाडी आहे, तिथवर भरती येते. लाखो माणसांचं पिण्याचं पाणी बंद करून मासे वाचवा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण बंधाऱ्याची भिंत माशांसाठी काय करते, हे एकदा जवळून पाहायला हवं.

जूनमध्ये पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले, ओढ्यांचं गढूळ पाणी नदीत उतरलं की मासे उलटे निघतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात; देशावर आणि तळकोकणात हेच चढणीचे मासे. मळे, दांडवण, शिंगटी, शिवडा, मरळ, पोटात गाभोळी भरलेल्या माद्या आणि त्यांच्या मागे नर, प्रवाहाच्या विरुद्ध चढत ओढ्यात, नाल्यात, थेट भाताच्या खाचरांत जातात. तिथे पाणी उथळ असतं, कोमट असतं, गवताचा आडोसा असतो. अंडी तिथे सुटतात, पिलं तिथे वाढतात आणि भादव्यानंतर खाचरं निथरू लागली की पाण्याबरोबर नदीत परततात. हा सगळा व्यवहार मोजक्या दिवसांचा आहे. पहिल्या पावसानंतरच्या एका रात्रीत बांधाबांधावर बत्त्या दिसतात, कारण मासा कधी चढणार हे गावाला ठाऊक असतं.

आता हाच मासा बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन पोचतो. वरून पाण्याचा पडदा कोसळत असतो, खाली फेस असतो. मासा त्या पाण्यात तोंड खुपसतो, उसळी घेतो, भिंतीवर आपटून खाली येतो, पुन्हा घेतो. पश्चिमेकडचा सामन मासा उंच उड्या मारतो. आपल्याकडच्या कार्प आणि शिंगटीच्या जातींचा तो पिंड नाही. मोठा पूर आला आणि बंधारा पाण्याखाली गेला तर वाट मोकळी होते, पण तोवर कित्येक माद्यांची अंडी वाया गेलेली असतात. दरम्यान खाली जाळी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना आयतं घबाड सापडतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, वलगणीचा मासा हा या भागातल्या आगरी, कोळी आणि आदिवासी घरांचा हक्काचा सण आहे. पूर्वी हाच मासा मैलोन्‌मैल पांगून चढत असे, म्हणून पकडूनही पुरून उरायचा. भिंतीने त्याला एका जागी गोळा केलं, हा फरक आहे.

दोन जीवांची तर याहून बिकट अवस्था आहे. गोड्या पाण्यातला अहिर अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची बोटभर लांबीची पिलं नदीत चढतात. मोठी गोड्या पाण्यातली कोळंबी राहते नदीत, पण तिच्या पिलांना पहिले काही आठवडे खाडीचं मचूळ पाणी लागतं. या दोघांचं आयुष्य नदी आणि खाडी यांच्यात वाटलेलं आहे, आणि बंधारा नेमका या दोन्हींच्या मध्ये येतो.

उन्हाळ्यात प्रश्न वेगळा असतो. पाणी थांबलं की त्यात सांडपाणी साचतं, सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते आणि मोहन्यापासून वर कांबा-रायत्यापर्यंत नदी हिरवा गालिचा होऊन बसते. दिसायला ती हिरवळ असते. पण तिच्याखाली सूर्यप्रकाश पोचत नाही, कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खातात आणि पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. दरवर्षी यंत्रं आणून जलपर्णी उपसली जाते आणि पुढच्या हिवाळ्यात ती परत येते, कारण तिचं खाद्य तसंच चालू असतं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं, 2015 मध्ये त्यावर निकाल लागला, पुढे ते सर्वोच्च न्यायालयातही गेलं. नाले वळवण्याची, शुद्धीकरण केंद्रांची कामं त्यातून झाली. ती अजून पुरती झालेली नाहीत.

इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याच्या प्रती ठरवल्या आहेत. शुद्धीकरण करून पिण्यासाठी वापरायच्या पाण्यात, म्हणजे ‘क’ वर्गात, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम हवा. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गातही किमान 4 मिलिग्रॅमच हवा. म्हणजे ज्या पाण्यात मासा गुदमरतो, ते पाणी डोंबिवलीच्या नळाला पुरवण्यालायकही नसतं. माशांची बाजू घेणं म्हणजे शहराच्या विरोधात जाणं, ही समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही.

मग नदीचा वाटा म्हणजे किती? देशात याचे दाखले आहेत. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यमुनेत किमान 10 घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने गंगेसाठी अधिसूचना काढली: वरच्या टप्प्यात हिवाळ्यात त्या त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये 25 टक्के, जून ते सप्टेंबर 30 टक्के पाणी धरणांनी सोडलंच पाहिजे. यात मला महत्त्वाचं वाटतं ते ऋतूप्रमाणे बदलणारं प्रमाण. माशाला वर्षभर एकसारखं पाणी नको असतं, त्याला वेळेवर पाणी हवं असतं.

ऑस्ट्रेलियाने याहून पुढचं पाऊल टाकलं. मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात 2007 च्या कायद्याने पर्यावरणासाठी पाण्याचे हक्क धारण करणारं स्वतंत्र सरकारी पद निर्माण केलं. शेतकऱ्यांकडून हक्क विकत घेऊन ते पाणी धरणातच नदीच्या खात्यावर ठेवलं जातं आणि मासे अंडी घालायच्या वेळी सोडलं जातं. मरे नदीवरच्या बंधाऱ्यांना समुद्रापासून ह्यूम धरणापर्यंत माशांसाठी वाटा बांधल्या गेल्या. सुरुवातीच्या वाटा सामन माशाच्या मापाने बांधलेल्या होत्या आणि तिथल्या माशांना त्या चढता येईनात, मग स्थानिक जातींचा पोहण्याचा वेग मोजून नव्या बांधाव्या लागल्या. एवढं करूनही मार्च 2023 मध्ये याच खोऱ्यात मेनिंडीजवळ लक्षावधी मासे प्राणवायूअभावी मेले. खात्यावर पाणी असणं पुरेसं नाही, ते पाणी जिवंत असावं लागतं.

मोहन्याला काय करता येईल? बंधाऱ्याच्या एका कडेला दगडांचा लांब, मंद उतार रचता येतो. त्यात मध्ये मध्ये विसाव्याचे डोह ठेवायचे, म्हणजे मळ्यासारखा लहान मासाही टप्प्याटप्प्याने वर जातो. अशा उतारावरून थोडं पाणी सतत वाहत ठेवावं लागतं. ते वाया जात नाही, नदीच्या वाट्यात धरलं जातं. पंपांच्या तोंडाशी बारीक जाळ्या लावल्या तर भादव्यानंतर परतणारी पिलं ओढली जाणार नाहीत. वलगणीच्या पहिल्या काही दिवसांत बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासेमारी बंद ठेवावी, वर ओढ्यांवर ती चालू राहू दे. हे गावकऱ्यांशी बसून ठरवलं तर पाळलं जाईल, वरून हुकूम आला तर नाही. विष आणि सुरुंग टाकून मासे मारण्यावर तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, ती नुसती अमलात आणायची आहे.

हॅचरीतली बोटुकली आणून नदीत सोडली की काम झालं, असं कोणी सुचवेल. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्राने 1970 च्या दशकापासून महाशीर माशाचं कृत्रिम प्रजनन केलं, ते काम मोलाचं आहे. पण तिथली पिलं देशभर दूरच्या नद्यांतही सोडली गेली आणि कावेरीत तिथल्या मूळच्या महाशीर जातीची जागा या पाहुण्याने घेतली. नदीची वाट बंद ठेवून मासे बाहेरून आणणं हा उपाय फार जपून करायचा असतो.

भिवपुरीच्या पाण्याबद्दलही आत्ताच बोलायला हवं. वीजगृह चालतं ते विजेच्या मागणीप्रमाणे. त्यामुळे वरच्या पात्रात पाणी चढतं-उतरतं आणि उथळ जागी घातलेली अंडी उघडी पडतात. शिवाय हे पाणी आम्हाला परत द्या, अशी मागणी भीमेच्या दुष्काळी खोऱ्यातून होत आली आहे आणि ती अन्याय्य नाही. ते पाणी उद्या कमी झालं तर तक्त्यातला पहिला कोरा रकाना नदीचाच राहील. म्हणून तो आधी भरून ठेवायचा.

पाणी आणायचं कुठून, या प्रश्नाचं उत्तर 15 जुलैच्या त्या दंडकातच आहे. पाऊस लांबला तर असावं म्हणून साठ्याचा एक भाग तोवर राखून ठेवतात. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो. बहुतेक वर्षी तो वेळेवर येतो, राखलेलं पाणी वापराविना राहतं आणि धरण पूर्ण भरलं की बारवीचे स्वयंचलित दरवाजे उघडून तेवढंच पाणी पुरात वाहून जातं. घात होतो तो पहिल्या पावसाने मासे चढवल्यानंतर पुढचा आठवडाभर पावसाने ओढ दिली की. ओढे आटतात, गाभोळीचे मासे डबक्यांत अडकतात, अंडी सुकतात. नेमक्या त्या आठवड्यात राखीव साठ्यातलं थोडं पाणी बारवीतून सोडलं तर निदान नदीचं मुख्य पात्र वाहतं राहील, आणि शहराच्या हिशेबाला धक्का लागायच्या आत पाऊस परतलेला असेल. पाऊस रुसलाच, तर सोडणं थांबवायचा अधिकार विभागाकडे आहेच. साठ्याचा तक्ता ऑक्टोबरनंतर मांडला जातो. मत्स्यव्यवसाय विभागाचा एक अधिकारी आणि वलगण पाहिलेली मोहने-अटाळीची दोन माणसं त्या बैठकीला बोलावली तर जूनचा हा आठवडा त्यात लिहिता येईल.