रिद्धपूरच्या मठातला मुलगा

आमच्या मेहकर-लोणार भागात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी राहून गेले, हे इथली पोरंही सांगतात. त्यांचे गुरू गोविंदप्रभू. मी शिक्षक, म्हणून मला ओढ गोविंदप्रभूंच्या बालपणाची.

रिद्धपूरजवळच्या काटसुऱ्याचं हे मूल. आईवडील लवकर गेले. मावशीने रिद्धपूरला आणून वाढवलं, मुंज झाली आणि पोर उपाध्यांच्या मठात शिकायला बसलं. त्या काळी वेद शिकायचा तो कानाने. गुरूंनी म्हणायचं, बटूने तस्सं म्हणायचं. मग पदं सुटी करून. पुढे क्रमपाठ : पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं अशी जोडी लावत जायची. एखादा स्वर हलला तरी पुन्हा सुरुवात. वर्षानुवर्षं हेच.

एवढं शिकलेल्याला भिक्षुकीची वाट मोकळी होती. गोविंदप्रभू तिकडे वळलेच नाहीत. गावात फिरायचे, लेकरांत खेळायचे, कुणाच्याही घरी जेवायचे, मातंगांच्या वस्तीतही जायचे. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं, देवही मानलं. माझ्या मते मठातल्या पाठांतराइतकंच हे गावभर हिंडणं त्यांचं खरं शिक्षण होतं.

चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट यांनी १२८८च्या सुमारास गोविंदप्रभूंचं चरित्र ‘ऋद्धिपुरचरित्र’ या ग्रंथात लिहिलं, तेही संस्कृतात नव्हे, साध्या बोलत्या मराठीत. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. बारावीनंतर काय करू, असं विचारणाऱ्या आमच्या पोरांना मी आवर्जून तिथलं नाव सुचवतो.