खिशातले संगीत, कंपनीचा अंमल

व्यवहार ठरला, पैसे चुकते झाले आणि वस्तू ताब्यात आली, म्हणजे मालकी आली, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आणि शेतजमीन, पितळेचा हंडा किंवा भिंतीवरचे घड्याळ यांच्यापुरती ती बव्हंशी खरीही आहे. परंतु गेल्या पाव शतकात जी यंत्रे आपल्या घरात शिरली त्यांनी या समजुतीच्या पायाखाली हळूहळू सुरुंग पेरला. आणि नवल असे की, सामान्य माणसाला त्याचा पहिला स्फोट ऐकू आला तो शर्टाच्या खिशात मावणाऱ्या, गाणी ऐकविण्यापलीकडे दुसरा कोणताही उद्योग नसणाऱ्या एका चिमुकल्या डबीतून. ही डबी म्हणजे डिजिटल म्युझिक प्लेअर. ती आपण विकत घेत होतो. तिच्यात काय भरावे, कोठून भरावे आणि भरलेले परत काढता यावे की नाही, याचा हुकूम मात्र तिच्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरच्या द्वारे कंपनी देत होती.

विकायचे आणि तरीही सोडायचे नाही, ही वृत्ती काही संगणकाने जन्माला घातलेली नाही. ग्रामोफोनच्या आरंभकाळी अमेरिकेतील व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी आपल्या यंत्राला एक छापील सूचना जोडून देत असे. तिचा मथितार्थ असा की, घेणाऱ्यास मिळतो तो केवळ वापराचा परवाना. यंत्राचे स्वामित्व पेटंटांची मुदत संपेपर्यंत कंपनीकडेच राहील. न्यूयॉर्कच्या मेसी या प्रसिद्ध दुकानाच्या मालकांशी कंपनीचा यावरून जो खटला झाला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1917 मध्ये न्यायालयाने ही परवान्याची भाषा म्हणजे किमती बांधून ठेवण्याचा एक बनाव असल्याचे ठरवून कंपनीची मागणी फेटाळून लावली. त्याच सुमारास एडिसनच्या तबकड्यांवर सुई वरखाली हलत असे आणि व्हिक्टरच्या तबकड्यांवर डावीउजवीकडे, त्यामुळे एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर सरळसोट वाजत नसे. पण ती अडचण यांत्रिक होती. एखादा जोडभाग बसवून ती दूर करता येई, आणि असे जोडभाग बाजारात मिळतही.

पुढे कॅसेट आली, आणि 1 जुलै 1979 रोजी सोनी कंपनीचा वॉकमन जपानच्या बाजारात आला, तेव्हा तर श्रोत्याला जवळजवळ पूर्ण स्वराज्य मिळाले. वॉकमन कोणाचाही असो, कॅसेट कोणाचीही चाले. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना दुकानात जाऊन आवडीच्या गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घेणे आठवत असेल. खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे मुंबई-पुण्याच्या रसिकांत एका घरातून दुसऱ्या घरात कशी फिरत, हेही ठाऊक असेल. यातले सगळेच कायद्याच्या चौकटीत बसणारे होते असे नाही. पण टेपवरून टेप उतरविली की खरखर वाढे, तिसऱ्या-चौथ्या पिढीत तानपुरा विरून जाई, आणि नक्कल करण्याच्या हव्यासाला निसर्गतःच एक मर्यादा पडे. डिजिटल नक्कल मात्र मूळ फाइलशी तंतोतंत जुळते आणि हजारावी नक्कलही पहिलीइतकीच निर्मळ असते. तेव्हा ध्वनिमुद्रण कंपन्यांना वाटलेली भीती सर्वस्वी निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या भीतीवर त्यांनी जो इलाज योजला तो मात्र रोगापेक्षा भयंकर ठरला.

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ज्याच्या घडणीत मोठा वाटा उचलला, त्या एमपी-3 पद्धतीमुळे गाण्याची फाइल मूळ आकाराच्या सुमारे एक दशांशावर आली, आणि 1998 मध्ये अशा फाइली वाजविणारे पहिले खिशातले प्लेअर विक्रीला आले. त्यांतील डायमंड कंपनीचा रिओ हा विशेष गाजला. त्याची स्मृती 32 मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत. तरीही अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने त्याच्यावर दावा ठोकला. जून 1999 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो रिओच्या बाजूने: स्वतःजवळचे संगीत एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन ऐकणे हा खाजगी, बिनव्यापारी वापर होय. पण दावा चालू असतानाच उद्योगाने कुलपे घडविण्याकडेही आपला मोर्चा वळविला होता. ध्वनिमुद्रण आणि यंत्रनिर्मिती या दोन्ही क्षेत्रांतील कंपन्यांनी मिळून एसडीएमआय नावाचा उपक्रम काढला, आणि प्लेअरने कोणते नियम पाळावेत हे ठरविण्यास प्रारंभ केला. सन 2000 मध्ये याच मंडळींनी गाण्यांत दडविलेली आपली गुप्त खूण कोणी पुसून दाखवावी असे जाहीर आव्हान दिले. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन व त्यांचे सहकारी यांनी ते पेलले. आणि मग त्याविषयीचा शोधनिबंध त्यांनी वाचू नये म्हणून त्यांना कायदेशीर कारवाईची धमकी देणारे पत्र धाडण्यात आले. आव्हान देणाऱ्याची ही खिलाडूवृत्ती काही औरच म्हणायची.

या साऱ्या प्रकरणात सर्वांत करुण कथा सोनीची आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य होईल. ज्या कंपनीने जगाच्या कानाला वॉकमन लावला तीच 1988 मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेऊन गाण्यांचीही मालक झाली होती. यंत्र विकणाऱ्या खात्याला ग्राहक मोकळा हवा होता, गाणी विकणाऱ्या खात्याला तो बांधलेला हवा होता. आणि कौल मिळाला तो दुसऱ्या खात्याला. 1999 च्या अखेरीस आलेल्या तिच्या मेमरी स्टिक वॉकमनमध्ये एमपी-3 फाइल जशीच्या तशी वाजत नसे. ती आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरकडून ॲट्रॅक-3 या सोनीच्या स्वतःच्या पद्धतीत बदलून, कुलूपबंद करून घ्यावी लागे. त्यातही प्रत्येक गाणे संगणकातून प्लेअरमध्ये नेण्याचे परवाने तीन. एकदा नेले की शिल्लक दोन. प्लेअरमधले गाणे त्याच संगणकावर रीतसर जमा केले तरच गेलेला परवाना परत. आता हे गाणे कोणते, तर पुष्कळदा ग्राहकाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सीडीवरून स्वतः उतरवून घेतलेले! संगणक बिघडला, हार्ड डिस्क बदलली, की जमाखर्चाची वहीच नाहीशी व्हायची आणि गाणी जिथल्या तिथे अडकायची.

याहूनही विलक्षण गोष्ट सोनीच्याच मिनीडिस्कची. 1992 पासून चालत आलेली ही छोटी चकती मैफली, व्याख्याने आणि मुलाखती टिपणाऱ्यांना विशेष प्रिय होती, कारण तिचे ध्वनिमुद्रण उत्कृष्ट होते. 2001 मध्ये तिला संगणकाशी जोडणारी नेट-एमडी यंत्रे आली. परंतु त्या तारेतून गाणी आत जात, बाहेर येत नसत. स्वतःचा मायक्रोफोन लावून, स्वतःच्या आजीच्या तोंडून टिपलेली जात्यावरची ओवीसुद्धा त्या तारेने संगणकावर उतरविता येत नसे. चकती वाजवीत ठेवून, तेवढाच वेळ घालवून, तिचा आवाज दुसरीकडे पुन्हा मुद्रित करणे एवढाच मार्ग होता. येथे कोणत्या गायकाच्या, कोणत्या कंपनीच्या हक्काचे रक्षण होत होते? कोणाच्याही नाही. जुन्या मिनीडिस्कवरील ध्वनिमुद्रण थेट संगणकावर घेऊ देणारे यंत्र कंपनीने 2006 मध्ये काढले, तोवर बाजार तिच्या हातून निसटला होता.

तो बाजार ॲपलने काबीज केला होता. 23 ऑक्टोबर 2001 रोजी जाहीर झालेला आयपॉड 5 गिगाबाइटचा, हजार गाण्यांचा आणि 399 डॉलरचा होता; आणि विशेष म्हणजे तो एमपी-3 कोणतीही कुरकुर न करता वाजवी. त्याचा बंदोबस्त वेगळ्या ठिकाणी होता. गाणी भरायची ती आयट्यून्स या सॉफ्टवेअरनेच, आणि तेही एकाच संगणकाच्या संग्रहाशी जोडून. अमेरिकेतल्या मुलाने प्रेमाने गाणी भरून आणलेला आयपॉड आईवडिलांनी पुण्यातल्या संगणकाला लावला, की हा आयपॉड दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, तो पुसून या संग्रहाशी जोडू काय, असा प्रश्न पडद्यावर उमटे. एक अभंग वाढविण्याच्या इच्छेने कोणी भाबडेपणाने होकार दिला तर आतली सारी गाणी नाहीशी होत. चौकस माणसाने आयपॉड पेनड्राइव्हसारखा उघडून पाहिला तरी गाणी दिसत नसत. लपविलेले फोल्डर उघडे केले तर एफ-00, एफ-01, एफ-02 अशा नावांचे कप्पे आणि प्रत्येकात चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांच्या फाइली. गाणे तेच, पण ना रागाचे नाव, ना गायकाचे. नाव-गाव फाइलच्या पोटात शाबूत असे, पण दर्शनी मात्र सारे असे विस्कटलेले, की सामान्य माणसाने निमूटपणे आयट्यून्सला शरण जावे.

एप्रिल 2003 मध्ये ॲपलने गाण्यांचे दुकान उघडले. गाणे 99 सेंटला, पण फेअरप्ले या कुलपासह. ठराविक संख्येच्याच संगणकांवर चालणारे, आणि खिशातल्या प्लेअरांपैकी फक्त आयपॉडवर वाजणारे. 2004 मध्ये रिअलनेटवर्क्स या कंपनीने आपल्या दुकानातील गाणी आयपॉडवर वाजतील अशी युक्ती काढली, तेव्हा ॲपलने तिच्यावर हॅकरी केल्याचा ठपका ठेवला आणि पुढच्या सुधारणेत ती वाट बुजवून टाकली. मायक्रोसॉफ्टने तर कमालच केली. ‘नक्की वाजणार’ अशा अर्थाचे बिरुद देऊन तिने इतर कंपन्यांच्या प्लेअरांसाठी एक कुलूपव्यवस्था काढली, आणि 2006 मध्ये स्वतःचा झून हा प्लेअर आणला, तो नेमका त्या बिरुदाची गाणी न वाजविणारा!

खरी मेख कळली ती 2008 साली. कुलूपबंद गाणे नव्या संगणकावर नेताना दूरच्या सर्व्हरकडून मंजुरी आणावी लागते. एप्रिल महिन्यात मायक्रोसॉफ्टने कळविले की, एमएसएन म्युझिकच्या गाण्यांना मंजुरी देणारे सर्व्हर ऑगस्टअखेर बंद होतील. जुलैमध्ये याहूने तसेच जाहीर केले. ज्या तलाठ्याच्या दप्तराखेरीज आपल्या जमिनीचा पुरावा नाही, त्याने चावडीला कायमचे टाळे ठोकून निघून जावे, तसा हा प्रकार. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने मुदत वाढविली आणि याहूने भरपाई देऊ केली. पण विकत घेतलेल्या वस्तूचे आयुष्य विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे तोवर सर्वांना उमजले होते.

आणि कुलूप लावणाऱ्यांनाही काही उमजले होते. चोरीच्या भयाने ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कुलपाचा आग्रह धरला, पण त्याची किल्ली ॲपलच्या कमरेला राहिली. घेतलेली गाणी वाया जाऊ नयेत म्हणून ग्राहकाने दुसरा प्लेअर घ्यायचा नाही, आणि आयपॉडवाल्या ग्राहकांसाठी कंपन्यांनी दुसरे दुकान शोधायचे नाही! 6 फेब्रुवारी 2007 रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर पत्र लिहून कुलपाचे खापर या कंपन्यांवर फोडले. 2006 अखेर 9 कोटी आयपॉड आणि 2 अब्ज गाणी विकली गेली, म्हणजे आयपॉडमागे सरासरी 22 गाणी. तेव्हा उरलेले संगीत बिनकुलपाचेच असणार, हा त्यांचा हिशेब. हिशेब बिनतोड होता, पण इतकी वर्षे त्याच कुलपाचे फायदे उपभोगणाऱ्याने तो मांडावा यातील विनोद कोणाच्या नजरेतून सुटला नाही. दोन महिन्यांत ईएमआय कंपनी कुलूप काढण्यास राजी झाली, ॲमेझॉनने मोकळ्या एमपी-3 विकायला घेतल्या, आणि जानेवारी 2009 मध्ये ॲपलनेही आपले सगळे संगीत बिनकुलपी करण्याचे जाहीर केले. आधी घेतलेल्या गाण्याचे कुलूप काढून हवे असेल तर मात्र गाण्यामागे 30 सेंट आकारले. तुरुंगातून सुटणाऱ्याकडून दरवाजा उघडण्याची मजुरी घेण्याचाच हा मासला. यातून संगीताचा धंदा बुडाला नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

आयट्यून्सचे दुकान भारतात डिसेंबर 2012 मध्ये आले, तोवर गाणी मोकळी झाली होती. म्हणून हा जाच इकडे सोसला तो मुख्यतः प्लेअरच्या सॉफ्टवेअरचा. आपला कायदाही त्याच वर्षी बदलला. कॉपीराइट कायद्यात घातलेल्या कलम 65-अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. परंतु कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी ते उघडल्यास हे कलम आड येत नाही. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यात हेतूला एवढे महत्त्व नाही. तेथे कुलूप उघडण्यालाच साधारणपणे मनाई, आणि सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्यायच्या. या एका बाबतीत आपली संसद अधिक शहाणी निघाली, असे माझे मत आहे.

मे 2022 मध्ये ॲपलने आयपॉडचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. आता पुष्कळजण मासिक वर्गणी भरून गाणी ऐकतात, आणि तेथे मालकीचा दावा कोणी करीतही नाही. पण ज्यांच्या कपाटात जुना आयपॉड, मेमरी स्टिक वॉकमन किंवा मिनीडिस्कची चळत पडून आहे, आणि तीत घरच्या कोणाचा आवाज किंवा अन्यत्र न मिळणारी मैफल आहे, त्यांनी ती बॅटरी मरण्यापूर्वी बाहेर काढावी. तारेने निघत नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून संगणकावर पुन्हा मुद्रित करावी, फाइलला माणसाला कळेल असे नाव द्यावे, आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.