टेंपोवाल्याच्या पाठीचा हिशेब

नाशिककडील भाजीपाला कसाऱ्याचा घाट उतरून पहांटे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी व बोरिवली येथें पोंचतो. 2016 सालीं फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त झाल्यावर थेट उपनगरांत माल विकणें सुलभ झालें. परंतु बाजारांत जें ओझें माथाडी कामगार उचलतो, तें येथें पुष्कळदां टेंपो हांकणाऱ्याच्याच पाठीवर येतें.

याचा हिशेब पाहावा. 25 किलोंचे 80 क्रेट म्हणजे 2,000 किलो वजन. रात्रभर गाडी चालवून तें दुकानोदुकानीं उतरवावयाचें. दीर्घकाळ बसल्यानें व गाडीच्या हादऱ्यांनीं मणक्यांमधील चकत्यांवर ताण आलेला असतो. अशा वेळीं एकदम वांकून ओझें उचलल्यास कंबर धरते. म्हणून गाडी थांबल्यावर प्रथम कांहीं मिनिटें चालावें. मग गुडघे वांकवून, ओझें अंगाशीं धरून उचलावें. ओझ्यासह कंबरेंत पिळूं नये.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें 1967 सालीं प्रौढ पुरुषाच्या ओझ्यास 55 किलोंची मर्यादा सुचविली. आपण मात्र ‘आणखी चार कांदे मावतात’ म्हणून गोणी दाबून भरतों. गोणीचें वजन शेतांत ठरतें. तें सोसणारी पाठ उपनगरांत असते.

तरी शेतकरी बंधूंनीं 50 किलोंवर गोणी भरूं नये, आणि माल उतरविण्यास एक मदतनीस देऊन त्याची मजुरी भाड्यांत धरावी. टेंपोवाला बहुधा आपल्याच गांवचा, कित्येकदां आपलाच पुतण्या असतो. बैलाच्या खांद्यास सूज आली तर आपण औत सोडतों. तितका विचार माणसाचाहि व्हावा.